चौतीस वर्षांची उपासना

सन १९३५ मधील एक रात्र. इंग्लंडातील ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या पदार्थसंग्रहालयात एका कोपऱ्यातील खोलीत २४ वर्षांची एक तरुणी एकटीच काम करीत होती. बाहेरच्या दालनात प्राचीन प्राण्यांचे अजस्र सांगाडे उभे होते. आत ती मात्र मोहरीहूनही लहान अशा एका स्फटिकाचे छायाचित्र धुऊन पाहात होती. कित्येक तास त्या स्फटिकातून क्ष-किरण सोडल्यानंतर ते छायाचित्र निघाले होते. त्यावर बारीक बारीक ठिपक्यांची एक रेखीव मांडणी हळूहळू उमटली. ती पाहताच त्या तरुणीचे भान हरपले. प्रयोगशाळा बंद करून ती बाहेर पडली आणि आनंदाच्या भरात त्या निद्रिस्त नगराच्या रस्त्यांवरून कितीतरी वेळ एकटीच हिंडत राहिली.

तो स्फटिक इन्सुलिनचा होता. आपल्या स्वादुपिंडात तयार होणारे हे प्रथिन शरीरातील साखरेचा विनियोग घडवून आणते. ते कमी पडले म्हणजे मधुमेह जडतो. १९२२ साली कॅनडातील टोरांटो येथे इन्सुलिन टोचून एका १४ वर्षांच्या मुलाचे प्राण वाचविण्यात आले, तोपर्यंत या रोगाने ग्रासलेली मुले आईबापांच्या डोळ्यांदेखत झिजून मरत असत. इन्सुलिनने प्राण वाचतात हे जगाला कळले होते. परंतु त्या रेणूची घडण कशी आहे, हे कोणालाच ठाऊक नव्हते. ते शोधण्याचा ध्यास या तरुणीने त्या रात्री घेतला आणि तो ध्यास पूर्ण होण्यास ३४ वर्षे लागली. तिचे नाव डोरोथी क्रोफूट. विवाहानंतर त्या डोरोथी हॉजकिन या नावाने जगद्विख्यात झाल्या.

डोरोथीचा जन्म १२ मे १९१० रोजी ईजिप्तमधील कैरो येथे झाला. तिचे वडील तेथे शिक्षण खात्यात अधिकारी होते. पुढे ते पुराणवस्तुसंशोधनाकडे वळले. आई वनस्पतींची आणि प्राचीन विणकामाची मर्मज्ञ होती. १९१४ साली पहिले महायुद्ध पेटले, तेव्हा चार वर्षांच्या डोरोथीला व तिच्या धाकट्या बहिणींना इंग्लंडात ठेवून आईवडिलांना आपल्या कामावर परतावे लागले. त्यामुळे फार लहान वयातच स्वतःचे व बहिणींचे स्वतः पाहण्याची सवय तिला लागली. आईला या युद्धात आपले भाऊ गमवावे लागले. युद्धाविषयीचा तिटकारा आणि शांततेची ओढ डोरोथीने आईकडूनच घेतली.

वयाच्या दहाव्या वर्षी एका छोट्याशा वर्गात तिने तुरटीचे आणि मोरचुदाचे स्फटिक तयार केले. दोऱ्याला बांधलेला खडा द्रावणात सोडावा आणि दिवसागणिक त्याला नितळ, कोरीव पैलू फुटत जावेत, हा चमत्कार तिच्या मनात कायमचा ठसला. घराच्या माळ्यावर तिने आपली लहानशी प्रयोगशाळा मांडली. तेरा वर्षांची असताना ती आईवडिलांकडे सुदानमधील खार्टूमला गेली. तेथील एका रसायनतज्ज्ञाने तिची जिज्ञासा पाहून खनिजांच्या परीक्षणाचे साहित्य भरलेली एक पेटी तिला भेट दिली. खेळण्याच्या वयात मिळालेली ही पेटी तिला कोणत्याही खेळण्याहून प्रिय वाटली.

तिच्या शाळेत रसायनशास्त्राचा वर्ग मुलांसाठी असे. मुलींनी गृहशास्त्र शिकावे, असा प्रघात होता. डोरोथीला आणि आणखी एका मुलीला मात्र मुलांबरोबर बसण्याची परवानगी मिळाली. ऑक्सफर्डच्या प्रवेशपरीक्षेसाठी लॅटिन भाषा आवश्यक होती. ती तिला येत नव्हती. शाळेच्या मुख्याध्यापकांनी तिला ती स्वतः शिकविली. सोळाव्या वाढदिवशी आईने तिला विल्यम ब्रॅग या शास्त्रज्ञाचे एक पुस्तक दिले. क्ष-किरणांच्या साहाय्याने पदार्थातील अणूंची मांडणी जाणता येते, हे त्या पुस्तकात सांगितले होते. डोळ्यांना कधीही न दिसणारे अणू जणू पाहता येतील, या कल्पनेने ती भारावून गेली. तिचा मार्ग त्या दिवशी ठरला असे म्हणावयास हरकत नाही.

१९२८ मध्ये ती ऑक्सफर्डच्या सॉमरव्हिल महाविद्यालयात दाखल झाली आणि १९३२ मध्ये रसायनशास्त्राची पदवी पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाली. त्यानंतर केंब्रिजला जॉन डेझमंड बर्नाल या प्रतिभावंत शास्त्रज्ञाच्या हाताखाली तिने संशोधनास आरंभ केला. प्रथिनांचे स्फटिक हवेत कोरडे पडले की त्यांची आतील रचना ढासळते. ते ज्या द्रावणात वाढले त्यातच ओले ठेवले तर मात्र क्ष-किरणांचे स्पष्ट ठिपके मिळतात, हे बर्नाल यांनी १९३४ मध्ये पेप्सिन या प्रथिनावरून दाखवून दिले. बर्नाल आणि डोरोथी यांनी मिळून प्रसिद्ध केलेल्या या शोधाने प्रथिनांच्या अभ्यासाचे दार उघडले.

हे ठिपके कशासाठी, असा प्रश्न कोणाच्याही मनात येईल. अंगणात रांगोळीचे ठिपके घातलेले आहेत. पण ते कोणत्या क्रमाने जोडावयाचे हे सांगणारी आजी जवळ नाही, अशी कल्पना करावी. ठिपके समोर असूनही आकृती हाती येत नाही. क्ष-किरणांच्या छायाचित्राचे काहीसे असेच असते. प्रत्येक ठिपका किती ठळक आहे हे मोजता येते. परंतु त्या किरणांच्या लाटा एकमेकींच्या किती पुढे वा मागे होत्या, हे छायाचित्रात उमटत नाही. तेवढे एक रहस्य उलगडले की गणिताच्या साहाय्याने रेणूचा नकाशा काढता येतो. लहान रेणूंच्या बाबतीत हे जिकिरीचे. शेकडो अणूंच्या प्रथिनाच्या बाबतीत तर त्या काळी ते अशक्यच होते. म्हणून १९३५ मध्ये इन्सुलिनचे ठिपके मिळाले तरी इन्सुलिनचा आकार मिळाला नाही. या रेणूशी झुंजण्याइतके बळ अद्याप आपल्या शास्त्रात आलेले नाही, हे डोरोथीबाईंनी ओळखले. त्यांनी तो प्रश्न टाकून दिला नाही आणि घाईने खोटे उत्तरही दिले नाही. तो मनाशी जपून ठेवून त्या लहान रेणूंकडे वळल्या आणि त्यांवर आपली साधने पारखू लागल्या.

१९३४ मध्ये त्या ऑक्सफर्डला परतल्या होत्या. तेथील परिस्थिती अनुकूल नव्हती. रसायनशास्त्रज्ञांच्या मंडळाच्या सभांना स्त्रियांना प्रवेश नसे. प्रयोगशाळेची जागा इतकी अडचणीची होती की, हातात नाजूक स्फटिक सांभाळत शिडीवरून वरच्या सज्जात चढावे लागे. कारण उजेडाची खिडकी तेथे होती. १९३७ मध्ये इतिहासाचे अभ्यासक थॉमस हॉजकिन यांच्याशी त्यांचा विवाह झाला. पुढे त्यांना तीन मुले झाली. पती नोकरीनिमित्त बहुतेक परगावी असत. घर, मुले, अध्यापन आणि संशोधन हे सारे त्यांनी एकाच वेळी सांभाळले.

त्यातच एक मोठे संकट ओढवले. हातांच्या सांध्यांत वेदना आधीपासूनच जाणवत होत्या. १९३८ मध्ये पहिले मूल झाल्यावर संधिवाताने उग्र रूप धारण केले. बोटे सुजली, वाकडी झाली. ज्यांचे सारे काम सुईच्या अग्राएवढे स्फटिक उचलून नेमके बसविण्याचे, त्यांच्या हातांवरच हा घाला पडला. उपचारांनी थोडा उतार पडताच त्या कामावर परत आल्या. क्ष-किरणयंत्राची कळ बोटांनी दाबवेना, तेव्हा त्यांनी तिला एक लांब दांडा बसवून घेतला आणि काम पुढे चालू ठेवले. हे दुखणे त्यांना जन्मभर पुरले. परंतु त्याविषयीची तक्रार त्यांच्या तोंडून क्वचितच कोणी ऐकली.

दुसऱ्या महायुद्धात जखमी सैनिकांसाठी पेनिसिलिनची निकड भासू लागली. त्याची रचना कळली तर ते कारखान्यात बनविणे सोपे जाईल, अशी आशा होती. त्या रचनेविषयी नामांकित रसायनशास्त्रज्ञांत तीव्र मतभेद होते. १९४५ मध्ये डोरोथीबाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी क्ष-किरणांच्या आधारे ती रचना निश्चित केली. काही थोर शास्त्रज्ञांना अशक्य वाटणारे चार अणूंचे कडेच तेथे निघाले. १९४७ मध्ये रॉयल सोसायटीने त्यांना आपले सदस्यत्व दिले. १९४८ मध्ये त्यांनी ब-१२ जीवनसत्त्वाचे काम हाती घेतले. एका घातक पंडुरोगावर हे जीवनसत्त्व गुणकारी ठरले होते. आठ वर्षांच्या परिश्रमांनंतर त्याचीही घडण उलगडली. गणनयंत्रे नुकतीच उदयास येत होती. त्यांचा उपयोग करून घेणाऱ्या पहिल्या काही रसायनशास्त्रज्ञांत त्यांची गणना होते. या कार्याबद्दल १९६४ मध्ये त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. ही वार्ता आली तेव्हा त्या आफ्रिकेतील घाना देशात पतीजवळ होत्या. दुसऱ्याच वर्षी ब्रिटनच्या राणीने त्यांना ऑर्डर ऑफ मेरिट हा सन्मान दिला. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्यानंतर तो मिळविणाऱ्या त्या दुसऱ्याच स्त्री होत.

दुसऱ्या कोणी येथे विसावा घेतला असता. डोरोथीबाईंचा पहिला प्रश्न मात्र अद्याप अनुत्तरित होता, आणि आता काळही पुढे सरकला होता. केंब्रिजच्या फ्रेडरिक सँगर यांनी १९५५ पर्यंत इन्सुलिनमधील अमिनो आम्लांचा संपूर्ण क्रम शोधून काढला होता. माळेतील मणी कोणत्या क्रमाने ओवले आहेत हे कळले होते. ती माळ घडी घालून कशी ठेवली आहे, हे कळावयाचे होते. प्रथिनाच्या स्फटिकात जड धातूचे अणू शिरवून लाटांचे ते हरवलेले रहस्य शोधण्याची युक्ती मॅक्स पेरुट्झ यांनी सिद्ध केली होती. गणनयंत्रेही अधिक समर्थ झाली होती.

डोरोथीबाईंनी आपल्याभोवती तरुण संशोधकांचा एक मेळावा जमविला. इंग्लंड, न्यूझीलंड अशा निरनिराळ्या देशांतील मंडळी त्यात होती. बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेतून गेलेले केरळचे एम. विजयन हेही त्यांच्यात होते. पुढे भारतात परतून याच संस्थेत विजयन यांनी प्रथिनांच्या रचनांचा अभ्यास रुजविला. वडीलकीचा आव न आणता सर्वांना बरोबरीने वागविणे ही डोरोथीबाईंची रीत होती. धाकटी मंडळीही त्यांना नुसते डोरोथी म्हणून हाक मारीत.

हजारो ठिपके मोजले गेले. आकड्यांच्या राशी गणनयंत्रांतून गेल्या. त्यांतून रेणूच्या एकेका थराचे नकाशे निघाले आणि ते एकावर एक रचले गेले. अखेर १९६९ च्या उन्हाळ्यात, ज्या रेणूने ३४ वर्षांपूर्वी एका तरुणीला रात्रभर जागविले होते, त्याचे रूप ५९ वर्षांच्या डोरोथीबाईंच्या डोळ्यांपुढे उभे राहिले. तो निबंध प्रसिद्ध झाला, तेव्हा लेखकांच्या यादीत त्यांचे नाव पहिले नव्हते. तरुण सहकाऱ्यांची नावे त्यांच्याआधी होती.

काय दिसले त्या रेणूत? ५१ अमिनो आम्लांच्या दोन साखळ्या, एक २१ दुव्यांची व दुसरी ३० दुव्यांची. गंधकाच्या अणूंच्या जोड्यांनी त्यांत तीन पूल बांधलेले: दोन पूल साखळ्यांना एकमेकींशी सांधणारे, तर तिसरा लहान साखळीलाच आतून आवळणारा. स्फटिकात सहा सहा रेणू जस्ताच्या दोन अणूंभोवती एकत्र बसतात, हेही स्पष्ट झाले. शरीरही इन्सुलिनचा साठा याच प्रकारे करते. काम करावयाचे मात्र एकट्या सुट्या रेणूने. या ज्ञानाचा पुढे मोठा उपयोग झाला. रेणूंची ती पकड सैल केली तर इन्सुलिन रक्तात लवकर मिसळेल, हे ओळखून शास्त्रज्ञांनी त्याच्या घडणीत किंचित फेरफार केला आणि १९९६ पासून अशी त्वरित गुण देणारी इन्सुलिने रुग्णांना मिळू लागली.

या शोधाची आणखी एक फलश्रुती आहे. आपल्या शरीराची वाढ होते, हाडे लांबतात, स्नायू पुष्ट होतात, यामागे काही प्रथिने निरोप्याचे काम करतात. त्यांना वृद्धिघटक असे म्हणतात. १९७८ मध्ये झुरिच येथील संशोधकांनी मानवी रक्तातील अशा एका प्रथिनाचा क्रम प्रसिद्ध केला. त्यात ७० अमिनो आम्ले होती आणि आश्चर्य असे की, त्यांचा क्रम इन्सुलिनशी फार मोठ्या प्रमाणात जुळत होता. म्हणून त्याला इन्सुलिनसदृश वृद्धिघटक असे नाव मिळाले. डोरोथीबाईंच्या मेळाव्यात तयार झालेले टॉम ब्लंडेल आणि त्यांचे सहकारी यांनी इन्सुलिनच्या आकृतीवरून त्याच वर्षी या भावंडाच्या रूपाचे अनुमान केले. तेच तीन पूल, तशीच घडी. भेद एवढाच की, इन्सुलिन तयार होताना शरीर त्याच्या मधला जो भाग कापून टाकते, तसा भाग या वृद्धिघटकात कायम राहतो. म्हणून त्याची साखळी एकच आणि अखंड असते.

हे निरोपे पेशीच्या आत शिरत नाहीत. पेशीच्या पृष्ठभागावर दुसरे मोठे प्रथिन द्वारपालासारखे उभे असते. त्यास ग्राही म्हणतात. निरोप्या त्याच्या बाहेरील भागावर नेमक्या जागी जाऊन बसला, की ग्राहीची ठेवण बदलते आणि पेशीच्या आत असलेला त्याचा भाग जागा होऊन कामांची साखळी सुरू करतो. इन्सुलिन बसले तर स्नायूंच्या व मेदाच्या पेशी साखर आत घेऊ लागतात. वृद्धिघटक आपल्या ग्राहीवर बसला तर पेशींच्या वाढीस चालना मिळते. दोन्ही निरोपे एकमेकांचे आप्त, तसे त्यांचे ग्राहीही एकमेकांचे आप्त आहेत. इन्सुलिन आपल्या ग्राहीला नेमके कोठे व कसे बिलगते, याचे सूक्ष्म चित्र २०१३ मध्ये ऑस्ट्रेलियातील संशोधकांच्या पुढाकाराने मिळाले. बसताना इन्सुलिन जसेच्या तसे राहात नाही. लांब साखळीचे शेपूट बाजूला सारून ते आपला झाकलेला भाग ग्राहीपुढे उघडा करते, असे त्यात आढळले. पाहुण्याने दारात पादत्राणे काढावीत आणि मगच आत पाऊल टाकावे, तसाच हा प्रकार. १९३५ मध्ये उमटलेल्या त्या ठिपक्यांचा माग अशा रीतीने पुढे ७८ वर्षे चालू राहिला.

ज्ञानाला देशांच्या सीमा नसतात, हे डोरोथीबाईंनी आचरणाने दाखविले. शांततावादी व डाव्या विचारांच्या मंडळींशी असलेल्या संबंधांमुळे १९५३ मध्ये अमेरिकेने त्यांना प्रवेश नाकारला. तरीही त्यांनी आपली मते सोडली नाहीत. पेकिंगमधील शास्त्रज्ञांनी इन्सुलिनची रचना स्वतंत्रपणे शोधून काढली होती. पण तेव्हा चीनचा बाहेरच्या जगाशी संपर्क फार थोडा होता. डोरोथीबाई तेथे गेल्या, त्यांनी ते काम बारकाईने पाहिले आणि परत येऊन त्याचा गौरव साऱ्या जगाला सांगितला. प्रतिस्पर्ध्याचे यश लपविणे त्यांना सहज शक्य होते. पण ते त्यांच्या मनालाही शिवले नाही. अण्वस्त्रांच्या विरोधात जगातील शास्त्रज्ञांना एकत्र आणणाऱ्या पगवॉश परिषदेचे अध्यक्षपद त्यांनी १९७६ पासून १९८८ पर्यंत भूषविले.

१९९३ मध्ये पेकिंग येथे स्फटिकशास्त्रज्ञांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. डोरोथीबाईंचे वय तेव्हा ८३ वर्षांचे होते. शरीर पार थकले होते. हिंडणेफिरणे चाकांच्या खुर्चीवाचून होत नव्हते. तरीही त्या एवढा दूरचा प्रवास करून तेथे गेल्या. त्यांना पाहून जमलेल्या मंडळींस आश्चर्य वाटले आणि आनंदही. त्यानंतर वर्षभरातच, २९ जुलै १९९४ रोजी, इंग्लंडातील आपल्या खेड्यातील घरी त्यांनी देह ठेवला.

आज मधुमेहाचा रुग्ण इन्सुलिनची सुई टोचून घेतो आणि आपल्या नित्याच्या उद्योगास लागतो. त्या थेंबातील रेणूचे रूप जगाला दाखविण्यासाठी सुजलेल्या, वाकड्या बोटांनी कोणी ३४ वर्षे झटले, याची त्याला कल्पनाही नसते. डोरोथीबाईंना त्याची खंतही वाटली नसती. त्यांना उत्तर हवे होते. ते तत्काळ मिळत नाही असे दिसताच, त्या उत्तरास आपण पात्र होईपर्यंत त्या शिकत राहिल्या. कठीण प्रश्न पुढे आला की आपण एकतर तो सोडून देतो, नाहीतर कसेबसे उत्तर लिहून मोकळे होतो. प्रश्न जिवंत ठेवून त्याच्यासाठी स्वतः वाढत राहणे, हा तिसरा मार्ग डोरोथीबाईंनी आपल्या आयुष्याने दाखवून दिला.